पावरी कोण वाजवतंय?

मुंबईचा गिटारवादक वॉरन मेंडोन्सा याने २००७ साली ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाखाली आपला पहिला एकल अल्बम काढला: ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’. त्याआधी तो ‘झीरो’ या मुंबईच्या रॉक बँडमध्ये वाजवत असे. शंकर-एहसान-लॉय या त्रयीतल्या लॉय मेंडोन्सांचा तो पुतण्या, म्हणजे हिंदी सिनेमाचा स्टुडिओ त्याला परका नव्हता. तरीही ज्यात गायक नाही, शब्द नाहीत आणि पडद्यावरचा नायकही नाही असे संगीत त्याने निवडले. २००९ मध्ये ‘द न्यू अल्बम’, २०१४ मध्ये ‘द युनिव्हर्स हॅज अ स्ट्रेंज सेन्स ऑफ ह्यूमर’, २०१७ मध्ये ‘द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन’ असा तो चालत राहिला. ब्लूज रॉकची ही वाट: गिटारची तार बोटाने ढकलून सूर सावकाश चढवायचा, आपल्याकडच्या मींडेच्या जवळ जाणारे काम, आणि एकेका सुराला गाणाऱ्याच्या गळ्याइतके बोलते करायचे. नंदुरबारच्या वाचकाला हे नाव ओळखीचे असण्याचे काही कारण नाही, आणि हा लेख त्या अल्बमांचे परीक्षणही नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. वेष्टनावर वादक आहे. त्याच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवरून अल्बमकर्त्याचे नाव पडले आहे, आणि सोबत ड्रम्सवर जय रो कवी, बेसवर आदी मिस्त्री, कीबोर्डवर बेव्हन फोन्सेका ही माणसे नावानिशी ऐकणाऱ्यापर्यंत पोचली आहेत. ‘एकल’ म्हणवणाऱ्या अल्बममध्ये इतकी नावे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या संगीताच्या हजारो चित्रफितींत एकही नाव नाही, ही विसंगती सोडवली पाहिजे.

वादकाला नाव नसण्याची सवय आपल्याला सिनेमाने लावली, असे म्हणायला जागा आहे. ‘दम मारो दम’ची गिटार साऱ्या देशाने ऐकली, ती भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती, हे बहुतेकांना फार उशिरा कळले, आणि तेही ते गायक म्हणून नामांकित झाले म्हणून. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, गीतकार, संगीतकार असत. वाद्यवृंदातला माणूस सहसा नसे. गोव्यातून मुंबईला आलेल्या ख्रिस्ती वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा सांगाडा उभा केला, पण त्यांच्यावर नीट पुस्तके यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. ज्या मुंबईत वादक म्हणजे तासावर येणारा माणूस होता, तिथे एखाद्या गिटारवादकाने स्वतःच्या नावावर वाद्यसंगीताचा अल्बम काढणे ही लहान गोष्ट नाही. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला, बडी गायसारखा शिकागोचा म्हातारा उस्ताद तिथे वाजवून गेला, तेव्हा या संगीताला मुंबईत ऐकणारा वर्ग आहे हे दिसले. लहान वर्ग आहे, पैसेवाला आहे, इंग्रजी बोलणारा आहे, हे सगळे खरे. पण त्या वर्गाला वादकाचे नाव विचारायची सवय आहे, आणि ती सवय उचलण्यासारखी आहे.

आता सातपुड्याकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख लोकांचा होता आणि त्यातले सुमारे ६९ टक्के आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी यांची इथली वाद्ये अशी की त्यांच्याशिवाय होळी पेटत नाही आणि लग्नही लागत नाही. छाती दडपून टाकणारे मोठाले ढोल आहेत, बासरी आहे, आणि दुधी भोपळ्याचा पोकळ कोठा, बांबूच्या नळ्या, शिंग यांपासून घडवलेली पावरी आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आता दूरदूरच्या छायाचित्रकारांना पाठ झाली आहे: रात्रभर नाच, पहाटे पेटणारा उंच बांबू, कमरेला घुंगरू आणि दुधी बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवलेले बाव्या-बुध्ये. त्या रात्रीच्या चित्रफिती इंटरनेटवर ढिगाने सापडतात. मथळे बघा: ‘आदिवासी होळी नृत्य’, ‘सातपुड्याची संस्कृती’, ‘पारंपरिक पावरी वादन’. कॅमेरा कोणाचा होता ते चित्रफितीच्या कोपऱ्यात ठसठशीत छापलेले असते. वाजवणारा कोण, कुठल्या पाड्याचा, कोणाकडून शिकला, वाद्य कोणी घडवले, यातले काही नसते. सरकारी महोत्सवातही तीच रीत. निमंत्रण ‘पथका’ला जाते, मानधन पथकाला, प्रमाणपत्र पथकाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात (यात आपणही आलो) छायाचित्राखाली ओळ असते: पारंपरिक वेशभूषेत आदिवासी कलावंत. मंत्र्याचे नाव मात्र त्याच छायाचित्रात डावीकडून तिसरे म्हणून बिनचूक येते.

माझे म्हणणे असे की सातपुड्याच्या वादकांचे एकल अल्बम निघाले पाहिजेत. स्टुडिओतला गुळगुळीत माल असावा असा आग्रह नाही. पण एक माणूस, त्याचे वाद्य, त्याची तासाभराची वाजवणूक, त्याचे नाव, गाव, तालुका, गुरू आणि साथीदार, एवढे एकत्र बांधलेले ध्वनिमुद्रण हवे. ‘आदिवासी संगीत’ नावाच्या मोठ्या पोत्यात सगळे ओतण्याचे दिवस संपायला हवेत. हे भावनेपोटी म्हणत नाही. नाव असणे आणि नसणे यांचा हिशेब ब्लूजच्या इतिहासात अगदी डॉलरमध्ये मांडलेला आहे, म्हणून म्हणतो.

रॉबर्ट जॉन्सन हा मिसिसिपीचा काळा गिटारवादक. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन अँटोनियोला आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलसला त्याने एकूण २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. तेव्हा त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने त्याची गाणी एका तबकडीवर पुन्हा काढली आणि ती इंग्लंडमधल्या पोरांच्या हाती पडली. एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स ही ती पोरे. आज आपण ज्याला ब्लूज रॉक म्हणतो त्यातला मोठा भाग या मेलेल्या माणसाच्या गिटारीतून निघाला आहे. १९९० मध्ये त्याच्या साऱ्या ध्वनिमुद्रणांचा संच आला, तो लाखांनी खपला, आणि मग प्रश्न आला की पैसे कोणाचे. १९९८ मध्ये मिसिसिपीच्या न्यायालयाने क्लॉड जॉन्सन या वृद्ध ट्रकचालकाला रॉबर्टचा मुलगा आणि वारस ठरवले. ज्या बापाला त्याने जेमतेम पाहिले होते, त्याच्या साठ वर्षांपूर्वीच्या वादनाचे दहा लाख डॉलरहून अधिक त्याच्या पदरी पडले. बापाच्या तबकडीवर ‘मिसिसिपीचा पारंपरिक निग्रो वादक’ एवढेच छापले असते, तर तो मुलगा कुठल्या कोर्टात आणि कशाचा वारसा मागणार होता?

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९५९ मध्ये लोकसंगीताचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगातल्या कैद्यांची गाणी ध्वनिमुद्रित करत होता. कुऱ्हाडीने लाकडे फोडताना त्या घावांच्या ठेक्यावर एक कैदी गाणे उचलून देई आणि बाकीचे मागून घेत. त्या कैद्याचे नाव लोमॅक्सने वहीत लिहून ठेवले: जेम्स कार्टर. चाळीसेक वर्षांनी ते मुद्रण ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाच्या ध्वनिफितीत घेतले गेले. ती ध्वनिफीत तुफान खपली आणि २००२ मध्ये तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. लोमॅक्सच्या संग्रहाची माणसे नावाच्या आधारे शोध घेत शिकागोला कार्टरच्या घरी पोचली आणि त्याच्या हातात वीस हजार डॉलरचा धनादेश ठेवला. त्याला ते गाणे धड आठवतही नव्हते. ही गोष्ट अमेरिकेत गोड शेवटाची म्हणून सांगतात. मी त्यातली कडू बाजूही सांगेन. वेष्टनावर श्रेय छापले आहे ते ‘जेम्स कार्टर आणि कैदी’ असे. ज्यांच्या कुऱ्हाडींनी ठेका धरला, ज्यांच्या आवाजाने ते गाणे भरले, त्यांची नावे कोणी वहीत लिहिली नव्हती. त्यांना शोधायला कोणी गेले नाही, कारण जायचे कोणाकडे तेच ठाऊक नव्हते. एकाच मुद्रणात, एकाच दिवशी, नाव लिहिलेला माणूस आणि न लिहिलेली माणसे यांच्या वाट्याला काय आले ते यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही. आपल्या काठीच्या होळीच्या चित्रफितींत सगळेच ‘आणि कैदी’ या खात्यात जमा आहेत.

इथे एक पुस्तीही जोडायला हवी, कारण नावे फक्त वादकांचीच गाळली जातात असे नाही. १९४१ च्या ऑगस्टमध्ये स्टोव्हॉलच्या मळ्यावर राबणाऱ्या मडी वॉटर्स या ब्लूज वादकाचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकल्यावर त्याला आपण काय करू शकतो ते उमगले, आणि १९४३ मध्ये तो मळा सोडून शिकागोला गेला. या मुद्रणाचे श्रेय जगाने अनेक दशके लोमॅक्सला दिले. ज्या पाहणीत ते झाले तिच्यात बरोबरीने असलेला फिस्क विद्यापीठाचा काळा संगीतज्ञ जॉन वर्क मागेच राहिला. त्याचे हस्तलिखित छापून यायला २००५ साल उजाडले. बाहेरचा संग्राहक येतो, मेहनत करतो, कीर्ती त्याची होते, आणि स्थानिक अभ्यासक तळटीपेत जातो. नंदुरबारच्या महाविद्यालयांत भिलोरी, मावची, पावरा बोलणारी, स्वतःच्या गावची गाणी गोळा करणारी मुले-मुली आहेत. उद्या काम उभे राहिले तर पहिल्या पानावर त्यांची नावे असली पाहिजेत.

अमेरिकेचे राहू द्या, आपला कायदा काय म्हणतो तेही बघू. परंपरेने आलेल्या चालीचा कोणी एक कर्ता नसतो, म्हणून तिच्यावर कोणाचा कॉपीराइट नसतो. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात आणि इथेच थांबतात. पण ती चाल एका विशिष्ट संध्याकाळी वाजवणाऱ्या माणसाचा त्या वादनावर हक्क असतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक तर आहेतच, कसरतपटू आणि गारुडीही आहेत, पावरीवाल्याला बाहेर ठेवायला तिथे फट नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-अ नुसार आपल्या वादनाचे मुद्रण करू देण्याचा अधिकार त्याचा ठरला आणि व्यापारी वापर झाला तर स्वामित्वधनही. कलम ३८-ब नुसार वादक म्हणून आपली ओळख सांगितली जावी, असा दावा तो करू शकतो. हा परफॉर्मरचा हक्क वादनानंतर ५० वर्षे टिकतो. १९९६ चा जो जागतिक करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला, त्यातही लोककला सादर करणारा माणूस ‘परफॉर्मर’च धरलेला आहे. मात्र आपल्या कायद्यातल्या व्याख्येला एक शेपूट आहे आणि ते वाचून दचकायला होते. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत दिलेच जात नाही, त्याला बहुतेक बाबतींत परफॉर्मर मानायचे नाही. नाव देण्याची पद्धत नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव देण्याची गरज नाही! तरतूद चित्रपटापुरती आहे. पण नाव न देण्याची सवय कायद्याच्या पोटात शिरली की काय होते याचा तो नमुना आहे. नावाची नोंद हा म्हणूनच निव्वळ मानपानाचा मामला राहत नाही. तो पुरावा आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की आदिवासी संगीत सामूहिक आहे. त्यात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. त्यातून एकाला उचलून वेष्टनावर बसवणे म्हणजे शहरी रोग गावात नेणे. हा आक्षेप घेणारे पुष्कळदा आदराने बोलत असतात, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण समूहात नावे नसतात हे खरे आहे का? कोणत्याही पाड्यावर विचारा, चांगला वाजवणारा कोण ते लोक क्षणात सांगतील, त्याच्या बापाचेही सांगतील. पालघर जिल्ह्यात तारप्याच्या नाचात वादक मधे असतो, सारा फेर त्याच्या सुरावर वळतो आणि त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही असा संकेत असतो. जव्हार तालुक्यातल्या भिकल्या धिंडा यांना तारपावादनासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वारली समाज फुटला नाही. त्याला ते आपलेच वाटले. निनावीपण समाजाच्या आत नाही, ते बाहेरच्या नजरेत आहे. आतल्यांना सगळे चेहरे ओळखू येतात, बाहेरच्याला फक्त पोशाख दिसतो.

तरीही या आक्षेपातला खरा भाग मान्य केला पाहिजे, आणि तो वारली चित्रकलेने दाखवून दिला आहे. जिव्या सोमा मशे यांनी कागदावर, कापडावर चित्रे काढली, नावानिशी प्रदर्शने केली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या एका नावामागून वारली चित्रकला जगभर गेली आणि अनेक घरांत चूल पेटली. पण लग्नाचा चौक लिहिणे हे मूळचे सवाशिणींचे काम होते. त्या बायकांची नावे मशेंच्या नावाइतकी कधीच वर आली नाहीत. एक नाव पुढे आले की त्याच्या सावलीत इतर झाकली जातात, हा धोका खोटा नाही. यावर उपाय नाव पुसण्याचा नाही, आणखी नावे लिहिण्याचा आहे. एकट्या वॉरन मेंडोन्साचा म्हणून ओळखला जाणारा अल्बम ड्रमवाल्याचे नाव देऊ शकतो, तर पावरीच्या अल्बमवर ढोलवाल्याचे, फेर धरणाऱ्या बायकांचे आणि ज्याच्या वेलावरच्या दुधीतून वाद्य झाले त्या घडवणाऱ्याचे नाव का मावू नये? जागा कमी पडते म्हणाल, तर आता वेष्टन कागदाचेही राहिलेले नाही.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. काही वाद्ये ठरावीक ऋतूतच वाजतात, काही गाणी देवापुढेच म्हणायची असतात. ती कानात बोंडे घालून बसमध्ये ऐकायचा माल नव्हे. हे पूर्ण मान्य. जे वाजवायचे नाही ते वाजवायचे नाही, जे मुद्रित करायचे नाही ते करायचे नाही, आणि हे ठरवणार गाव आणि वादक. पण आज नेमके काय चालले आहे? कोणालाही न विचारता, हवे तिथे घुसून, मोबाइल उंच धरून सगळेच मुद्रित होते आहे. पावित्र्याची काळजी असलेल्यांनी आधी या निनावी धुमाकुळाची काळजी करावी. नाव विचारणारा माणूस निदान समोर उभा राहतो, आणि समोर उभे राहिल्यावर ‘नको’ हे उत्तर ऐकण्याची पाळी त्याच्यावर येते. शिवाय काळ थांबलेला नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. मणिबेलीपासूनची माणसे तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत येऊन राहिली. जिथे देव होता तो डोंगर मागे राहिला, जिथे फेर धरला जाई ते आवार बुडाले. ते वाद्य कोणत्या काठावर, कोणत्या प्रसंगी, कोण वाजवत असे, हे आज सांगू शकणारी पिढी म्हातारी झाली आहे.

तिसरा सूर उलट दिशेचा आहे: पावरी ऐकतो कोण? पोरांना टिमलीचा नाच हवा. नवापूरपासून गुजरातच्या सीमेपलीकडे लग्नाच्या हंगामात गाडीवर भोंगे चढवून, कॅसिओच्या पट्ट्यांवर बोटे नाचवत बँड निघतात आणि आख्खे वऱ्हाड रात्रभर एका ठेक्यावर झुलते. हे बघून हळहळणारे बरेच आहेत. मी त्यांतला नाही. मडी वॉटर्स शिकागोला गेला तेव्हा गोंगाटात साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून त्याने विजेची घेतली. १९५८ मध्ये तो ती घेऊन इंग्लंडला गेला तर तिथल्या शुद्धतावाद्यांनी कानांवर हात ठेवले. त्यांना मळ्यावरचा गरीब वादक हवा होता. त्यांना जो गोंगाट वाटला त्यातूनच पुढचे रॉक संगीत जन्मले. सातपुड्यातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथले ठेके घेऊन येतात, आपले तिथे सोडून येतात. टिमली ही त्या येण्याजाण्याची वाजती खूण आहे. तेव्हा नावाचा आग्रह फक्त जुन्या वाद्यापुरता ठेवणे ढोंगीपणा होईल. टिमलीच्या गाडीवर बँडचे नाव दिव्यांनी लखलखते, मालकाचा मोबाइल नंबरही असतो; कॅसिओवर ज्याची बोटे पळतात त्या पोराचे नाव तिथेही नाही. जुने हरवते म्हणून रडायचे आणि नवे घडवणाऱ्याला ओळखायचेच नाही, असे दोन्हीकडून नुकसान आपण करून घेतो आहोत.

मिसिसिपी आणि सातपुडा यांची तुलना ताणू नये, हेही सांगितले पाहिजे. ब्लूज गुलामगिरीतून आलेल्या समाजाचे संगीत आहे आणि १९२० पासून ते बाजारात विकले जात आहे. सातपुड्याच्या संगीताला स्वतःची भाषा, देव, हंगाम आहेत आणि बाजाराशी त्याचा संबंध कालपरवाचा. म्हणूनच ते विकण्याची घाई नको. मुंबई-पुण्याचा गिटारवाला येऊन पावरीचे दोन मिनिटांचे तुकडे आपल्या गाण्यात पेरणार असेल, तर त्याआधी त्याने ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’चे वेष्टन बघावे. राय कूडर हा अमेरिकी गिटारवादक आणि जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांचा तो १९९३ चा अल्बम. दोघांचीही नावे वर आहेत, बरोबरीने आहेत, आणि १९९४ चे ग्रॅमीही दोघांना मिळाले. तेवढ्या अटीवर कोणीही यावे.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो खरे तर सर्वांत सोपा आहे. चांगला मायक्रोफोन आणि मुद्रणयंत्र यांची किंमत एका महोत्सवाच्या मांडवापेक्षा पुष्कळ कमी असते. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची आदिवासी अकादमी नंदुरबारलाच आहे. उदयपूर आणि नागपूरची क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे महाराष्ट्रातल्या पथकांना देशभर फिरवतात. या सगळ्यांनी मिळून वर्षाला सहा वादकांचे सहा अल्बम काढले, तर दहा वर्षांत साठ वादक नावानिशी नोंदले जातील. करार वादकाच्या भाषेत वाचून दाखवावा, मुद्रणाची प्रत त्याच्या घरी आणि गावच्या शाळेत राहावी, पुढे कोणी ते वापरले तर पैसे त्याच्या खात्यात जावेत. विकले किती जातील हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. रॉबर्ट जॉन्सनच्या तबकड्याही त्याच्या हयातीत फार विकल्या गेल्या नव्हत्या.

पण संस्था हलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. येत्या होळीला काठीला, मोलगीला, धडगावला जाणारे हजारो लोक मोबाइल घेऊन जाणार आहेत. त्यांना एकच विनंती: मुद्रण सुरू करण्याआधी वाजवणाऱ्याला विचारा, तो हो म्हणाला तर त्याचे पूर्ण नाव, पाडा आणि तालुका विचारून घ्या, आणि चित्रफितीच्या मथळ्यात ‘आदिवासी नृत्य’ या दोन शब्दांच्या आधी ते लिहा. आमच्या वर्तमानपत्रानेही छायाचित्राखाली तेच करावे, मंत्र्याच्या नावाला जेवढी काळजी लागते तेवढीच काळजी घेऊन.